हार मागच्या बाजूला

"इंजिन चालू असताना खोकायचं नाही."

साहेबांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी नुकताच बंबाच्या केबिनमध्ये चढून मागच्या बाकावर टेकलो होतो. साहेब ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून बसलेले, मैफलीत बसावं तसे. आणि त्याच क्षणी माझ्या घशात खवखवायला लागलं. हा खोकला मला अख्ख्या पावसाळ्यात आला नव्हता. मी तोंडावर हात दाबला, मग रुमाल दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, कानातून वाफ निघते की काय असं वाटलं, पण खोकलो नाही. कामगारांच्या नाटकात दरवर्षी खलनायक करणारा मी, माझ्या नुसत्या हसण्याने पुढच्या रांगेतली पोरं रडलेली आहेत. आणि हा जेमतेम पाच फुटांचा माणूस मला मान न वळवता घाबरवून बसला होता.

इंजिन बंद झाल्यावर मी हळूच विचारलं, "काय ऐकत होतात?"

"पेटी," ते म्हणाले. "आज नाराज नाही. आता खोका."

खोकला गेला होता.

पेटी म्हणजे गिअरबॉक्स. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आम्ही रंगाच्या धंद्याला लागणारी रसायनं बनवायचो. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. आसपासच्या कारखान्यांनी मिळून फेस मारणारा एक मोठा बंब घेतला होता आणि जागा आमच्याकडे होती म्हणून तो आमच्या आवारात उभा असायचा. सरकारी बंब येईपर्यंत आग धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. तीनशेवर घोड्यांचं इंजिन, पोटात पाण्याची आणि फेसाची टाकी, डोक्यावर तोफेसारखी नळी. आणि क्लच नाही. ऑटोमॅटिक. घाईत कुणाचा पाय चुकू नये म्हणून आमच्या मालकांनी हौसेने तसा मागवला होता. साहेब आमचे वाहनप्रमुख. डिप्लोमा झालेले, निम्मी नोकरी बंदरावरच्या बंबांवर काढलेले. ते म्हणायचे, "मालकांनी चुकणारा पाय काढून टाकला आणि चूक अशा जागी नेऊन ठेवली की कुणाला दिसू नये."

त्या जागेची माहिती ते भुताची गोष्ट सांगावी तशी सांगत. आवाज उतरवून, आजूबाजूला बघून.

"साध्या गाडीचा क्लच जातो तेव्हा आधी चार दिवस कुरकुरतो. वास मारतो. गावभर बोंब करतो. बरोबर? ह्या पेटीत सगळा कारभार तेलाचा. इंजिनाची ताकद तेलातून चाकाकडे जाते. ताकद जेवढी जास्त तेवढं तेल तापतं. तेल तापलं की करपतं. करपलं की आतल्या चकत्या घसरायला लागतात. बाहेरून गाडी तश्शीच. लाल, चकचकीत, हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत." इथे ते थांबत. "मग एक दिवस भोंगा होतो. तुम्ही पाय दाबता. इंजिन ओरडतं. आणि गाडी हलत नाही."

मी रंगमंचावर पुष्कळ विराम घेतले आहेत. असा विराम मला कधी जमला नाही.

आग विझवायच्या पथकात मी आलो तो आवाजामुळे. प्रत्येक खात्यातून एकदोन माणसं पथकात घ्यायची होती; हातातल्या भोंग्यातून ओरडायला कुणीतरी हवा होता, आणि माझा आवाज स्टोअरमधून गेटपर्यंत विनाभोंगा जायचा. तर मी बंबाबरोबर शनिवारच्या फेरीला जाऊ लागलो आणि साहेबांच्या भीतीच्या शाळेत दाखल झालो.

ह्या शाळेचे नियम घरच्या नव्या सुनेला असतात तितके होते. सकाळी बंब सुरू झाला की तेल कोमट होईपर्यंत हलवायचा नाही. म्हणून साहेब स्वतः सगळ्यांच्या आधी येऊन तो सुरू करत, की न जाणो पहिल्याच तासात भोंगा झाला तर पेटी थंडीने आखडलेली नको. मागे घेतलेला बंब पूर्ण, अगदी पूर्ण थांबल्याशिवाय पुढच्या गिअरला हात लावायचा नाही. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्याला ते केबिनमधून उतरवत आणि परत पायी पाठवत. फाटकाशी, सिग्नलला, गर्दीत उभं राहायची वेळ आली की लगेच न्यूट्रल. "ब्रेकवर पाय आणि पेटी गिअरात, म्हणजे चुलीवर दूध आणि बाई शेजारी गप्पा मारायला."

शनिवारी फेरी संपली की बंब सपाट जागेवर उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं, आणि मग साहेब तेलाची पट्टी बाहेर ओढत. त्यांच्या खिशात दोन रुमाल असत. एक स्वतःचा, चुरगळलेला. दुसरा पांढराशुभ्र, इस्त्रीचा, पेटीचा. तेलाचा एक थेंब त्या पांढऱ्यावर टेकवून ते उन्हात धरत. तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल हवं. मग तो रुमाल नाकाशी नेत. त्यांच्यामागे आम्ही सगळे श्वास रोखून, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे असल्यासारखे. ते मान हलवत. आम्ही श्वास सोडत. मग तो रुमाल आमच्या नाकांखालून फिरे. मला लागलेली सवय अशी की घरी बायकोने चहा पुढे केला की मी आधी वास घ्यायचो. "काय, करपलाय का माझा चहा?" ती विचारायची. मी म्हणायचो, "नाही, ठीक आहे." तेवढ्यावरून आमच्यात दोन दिवस अबोला झालेला आहे.

ड्रायव्हर निवडायची त्यांची पद्धत न्यारी होती. उमेदवाराला लायसन्स वगैरे काही विचारायचे नाहीत. विचारायचे, "कशाला घाबरता?" भले भले गडी छाती काढून म्हणत, "कशालाच नाही, साहेब." त्यांना चहा पाजून घरी पाठवलं जाई. "ज्याला भीती नाही त्याला चावी नाही," हे त्यांचं ठरलेलं. मग मोरिवलीचा एक आगरी गडी आला. गावात सगळे त्याला दादूस म्हणायचे, म्हणजे मोठा भाऊ, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. त्याला विचारलं, कशाला घाबरतोस. दादूसने बराच विचार केला.

"बायकोला घाबरतू," तो म्हणाला.

"आणखी?"

"रस्त्यात म्हस उभी असंल तर तिला. ती कनच्या बाजूला जाल सांगता नाय येत."

"उद्यापासून या," साहेब म्हणाले.

दादूस मनाने लोण्यासारखा, हाताने पक्का. साहेबांना तो मनापासून मानायचा आणि पाठीमागे मला सांगायचा, "सायब येरा हाय. पन आपला येरा हाय." येरा म्हणजे वेडा.

एकदा तेल आणायला साहेबांनी मला उल्हासनगरला नेलं. ते तिथेच कॅम्प चारमध्ये राहायचे, बाजाराची नस न् नस माहीत. तरी दुकानाच्या पायरीवर त्यांचा चेहरा असा, की आत वाघ बसलाय. आत होता एक गोरा, गुबगुबीत सिंधी शेठ, समोर पापडाची ताटली.

"साईं, या या. तेल काढून ठेवलंय. एकदम असली माल."

साहेबांनी डबा हातात घेतला. झाकणाची कड बोटाने चाचपली. डबा कानाशी धरून हलवला. झाकण उघडून वास घेतला. मग कागदावर थेंब टाकला आणि तो कसा पसरतो हे बघत बसले. मग दुसरा डबा. मग तिसरा. शेठने एक पापड संपवला, दुसरा घेतला.

"साईं, एक विचारू? तेल घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?"

"मुलगी नांदली नाही तर परत घरी येते," साहेब म्हणाले. "हा डबा नको. ह्याच्या शेजारचा पण नको."

"का? बाजूचा काय वाईट?"

"संगत."

शेठ हसला नाही. त्याने तो डबा उचलला, वास घेतला आणि गुपचूप आतल्या खोलीत नेऊन ठेवला. साहेबांची भीती अशी लागायची, डोळे आल्यासारखी.

ही भीती कुठून आली हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. बंबाच्या सावलीत आम्ही डबा खात होतो. मी सहज गमतीने म्हणालो, साहेब, तुमच्या पेटीला दृष्ट लागेल, एक लिंबू-मिरची बांधू. ते चपातीचा तुकडा हातात धरून थांबले.

"बंदरावर माझ्याकडे असाच एक बंब होता. ऑटोमॅटिक. कडेच्या गोदामाला आग लागली, कॉल आला. मी स्वतः गाडीवर. गेटपर्यंत आलो. पाय दाबला तर नुसता आवाज. मागे घेऊन बघितलं, पुढे घेऊन बघितलं. सायरन चालू, दिवे चालू, आणि मी गेटमध्ये उभा. माझ्यामुळे मागची गाडीपण अडकलेली. धूर समोर दिसत होता."

"मग? काय झालं तिथे?"

"ते मला विचारू नका," साहेब म्हणाले. "मी तिथे पोहोचलोच नाही."

त्यांनी तो तुकडा खाल्ला, डबा बंद केला आणि निघून गेले. त्यानंतर बंबाजवळ खोकायची माझी आपोआप हिंमत होईना.

आता दसऱ्याकडे येतो. आमच्याकडे दसऱ्याला प्रत्येक यंत्राची पूजा. लेथ, बॉयलर, वजनकाटा, साहेबलोकांच्या गाड्या; झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, चाकाखाली लिंबू. कामगार बायकापोरांना कारखाना दाखवायला आणतात, पेढे वाटतात. पूजेत मान बंबाचा पहिला. आणि त्या दिवशी साहेब नसायचे. साहेब बौद्ध. विजयादशमीला धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्या दिवशी पांढरे कपडे करून घरच्यांसकट उल्हासनगरच्या विहारात. ती रजा त्यांनी कधी चुकवली नाही. पण आदल्या दिवशी जाताना दरवर्षी एकच हुकूम सोडून जायचे: बंबाला हार मागच्या बाजूला घालायचा. पुढे एक पाकळी नको.

ह्यावरून कुजबुज चालायची. त्यांना आपली पूजा चालत नाही, म्हणून हे. मी एकदा सरळ विचारलं. पाठीमागे बोलण्यापेक्षा तोंडावर बोललेलं मला बरं वाटतं, नाटकवाल्याची खोड.

साहेबांना राग आला नाही, नवल वाटलं. "मला पूजेचं काय? झेंडू स्टेशनजवळून चांगला टपोरा आणा हे मीच सांगतो ना? अहो, पुढे तेल गार करणारी जाळी आहे. तिला वारा लागतो म्हणून पेटी जगते. नाकावर उशी दाबून कुणाची पूजा करतात का?"

दादूसला हे पटायचं नाही. "सायब, देवाला कुनी पाठीमागून हार घालतं काय?"

"ह्या देवाला घालतात."

तर आमचा बंब हा पंचक्रोशीतला एकमेव बंब, ज्याची आरती मागच्या शिडीसमोर व्हायची. शेजारच्या कारखान्यांतले लोक मुद्दाम बघायला यायचे.

आणि मग तो दसरा आला.

त्या वर्षी ऑफिसातल्या एका उत्साही पोरीने मालकांचा हात जोडलेला, हसरा फोटो घालून भलामोठा फ्लेक्स छापून आणला आणि फोटोसाठी बंबाच्या बरोब्बर तोंडावर ताणून बांधला. दादूसने मोरिवलीहून मांडीएवढा जाड हार करून आणला होता. घरच्या बायकांनी पहाटेपासून बसून गुंफलेला. तो फ्लेक्सवर चढला. त्यावर केळीचे खांब. पुढून बंब दिसेना, फक्त मालक दिसत होते, फुलांत बुडालेले.

साहेबांचा विहारातून फोन आला. दादूसने घेतला. "हाव सायब. हार मागंच हाय." फोन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"दादूस, काढायला हवं ते," मी म्हणालो.

"फोटू होऊं दे. मंग काढतू. आयेनं केलाय तो."

फोटो चालू असतानाच भोंगा झाला.

आवाज दुरून आला होता, वसाहतीच्या पार टोकाच्या एका सॉल्व्हंटच्या कारखान्यातून. कुणीतरी ओरडत आलं की गेटजवळच्या ड्रमांनी पेट घेतलाय आणि पूजेला आलेली माणसं आत, मागच्या अंगाला अडकली आहेत. दादूसचा चेहरा राख झाला. त्याची धाकटी बहीण तिथे पॅकिंगला होती. तो पळत जाऊन गाडीवर चढला. आम्ही पथकातले मागून. हार काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर वेळही नव्हता.

पुढची फेरी मी आयुष्यात विसरणार नाही. रस्ता अर्धा खोदलेला, अर्ध्यावर दसऱ्याची गर्दी. सजवलेल्या रिक्षा, टेम्पोत नटलेल्या बायका. आम्ही भरलेल्या टाकीनिशी, भरल्या ताकदीचा बंब बैलगाडीच्या चालीने रेटतोय. सायरन आक्रोश करतोय. आणि लोक बाजूला होत नाहीत, कारण समोरून येतंय काय? झेंडूने मढवलेली, केळीचे खांब लावलेली लाल गाडी, तोंडावर हात जोडलेले मालक. मिरवणूक समजून लोकांनी मोबाइल काढले. एका म्हाताऱ्याने नमस्कार केला. मी भोंग्यातून बोंबलत होतो, "आग आहे, आग आहे, बाजूला व्हा," आणि एक पोरगं मला बघून हात हलवत होतं.

मग माझी नजर तेलाच्या काट्याकडे गेली. साहेबांनी इतक्या शनिवारी त्याच्याकडे बघायला लावलेलं, की आता तो काटा मला स्वतःच्या नाडीसारखा कळायचा. तो चढत होता.

"दादूस, थांब. हार काढू. दोन मिनिटं."

"थांबलू आनि मंग नाय उचलली तं? माझी भैन हाय तिथं."

"काटा बघ."

"नाय बघत. आज देवाचा हार काढायचा नाय. तोच नेल आपल्याला."

त्याच्या गालावरून घाम आणि अश्रू एकत्र वाहत होते. मला त्याच्याशी भांडता येईना. माझ्या नाकात, अजून अगदी फिका, करपल्या दुधासारखा वास यायला लागला होता.

पुढच्या नाक्यावर एक पांढरी आकृती रस्त्याच्या मधोमध उभी होती. स्कूटर आडवी टाकलेली. दोन्ही हात पसरलेले. साहेब. आगीचा फोन पोहोचताच विहारातून तसेच निघालेले, पांढऱ्या सदऱ्यात. दादूसने ब्रेक मारला. बंब त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

साहेबांनी समोर बघितलं. मालक हसत होते. त्यांनी हात घातला तो मालकांच्या गालातून आरपार गेला. फ्लेक्स टराटर फाटला, हार तुटला, केळीचे खांब नाल्यात गेले. दादूस "सायब, हार" एवढंच म्हणाला. मग साहेब केबिनमध्ये चढले आणि त्यांनी काटा बघितला. लाल दिवा लागलेला होता. त्यांनी एकदाच श्वास घेतला, नाकाने, लांब. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरताना मी मेकअपमनच्या हातूनही बघितलेलं नाही.

त्यांनी पेटी न्यूट्रलला घेतली. नियम आम्हाला पाठ होता. लाल दिवा लागला की न्यूट्रल, इंजिन जरा चढवून ठेवायचं, जाळीला वारा मिळू द्यायचा, काटा उतरेपर्यंत हलायचं नाही. आम्ही थांबलो. समोर, कारखान्यांच्या छपरांवर, काळा धूर सरळ वर चढत होता आणि त्याच्या बुडाशी काहीतरी ढब्ब करून फुटलं. एक ड्रम. मग दुसरा.

"सायब," दादूस म्हणाला.

साहेबांनी डोळे मिटले, मान वाकडी केली. ऐकत होते. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मी इतका घाबरलो होतो की मला माझीच दाढ वाजलेली ऐकू येत होती.

"आता थांबलो तर पेटी वाचेल," ते शांतपणे म्हणाले. "निघालो तर जाईल. पोहोचण्याआधी जाईल की नंतर, ते ती ठरवील."

त्यांनी डोळे उघडले.

"दादूस, सरक."

साहेब स्वतः बसले. ज्या माणसाने इतकी वर्षं त्या पेटीला तान्ह्या पोरासारखं जपलं, त्याने लाल दिवा लागलेला असताना ती गिअरात टाकली. वरचे गिअर तिने केव्हाच नाकारले होते. खालच्या गिअरात, एका संथ पायाने, न थांबता, न दचकता त्यांनी तो बंब नेला. चाकाखाली खड्डा आला की ते ओठ चावत. वास आता इतका दाट झाला होता की तोंडात चव येत होती. एका चढावर इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि बंब क्षणभर नुसता तरंगल्यासारखा झाला. साहेबांनी पाय हलका केला. पुन्हा पकडलं. मी तो क्षण मोजला नाही, पण त्यात माझे उरलेसुरले काळे केस पांढरे झाले.

पोहोचलो. गेटजवळ ड्रमांची होळी, तिच्याशेजारी सॉल्व्हंटची उभी टाकी, आणि तिच्यापलीकडे मागच्या भिंतीला चिकटलेली माणसं. नव्या साड्या, टोप्या, कडेवर पोरं. टाकी तापून फुटली असती तर त्यांच्यात आणि आगीत काही उरलं नसतं. भिंतीपलीकडून मोरिवलीची माणसं मांडव घालायच्या शिड्या घेऊन धावली होती. भिंतीच्या माथ्यावर काचा लावलेल्या, त्यांवर गोणपाटं टाकून एकेकाला ओढून घेत होती. मी भोंगा तोंडाला लावला आणि आयुष्यात प्रथमच लोकांनी घाबरू नये म्हणून ओरडलो.

पाण्याचा पंपही त्याच पेटीवर चालायचा. साहेबांनी पंप चढवला. नळीतून फेसाचा पांढरा पट्टा उठला आणि टाकीवर कोसळला. आतल्या आत पेटी कण्हत होती. आता ते ऐकायला कुणाला ट्रेनिंगची गरज नव्हती. साहेब खाली उतरले नाहीत. हात स्टिअरिंगवर, नजर काट्यावर नव्हे, भिंतीवर. एक साडी पलीकडे गेली, एक टोपी, एक पोर. हिरव्या साडीतली बहीण दिसताच दादूस शिडीकडे धावला. शेवटची एक म्हातारी दोघांनी गोणपाटावरून अलगद पलीकडे घेतली. सरकारी बंबांचे सायरन जवळ आले. आणि तेव्हा इंजिन किंचाळलं, आणि आमच्या नळीतला फेस हळूहळू मान टाकत खाली आला. बंबाखालून निळसर धूर निघत होता. साहेबांनी चावी फिरवली.

संध्याकाळी मालक आले. नवा कुडता, कपाळावर अष्टगंध. माणसं सुखरूप आहेत म्हणून समाधान, बंब ट्रेलरवर घालून न्यावा लागणार म्हणून घोर. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पेटी गेली कशी?"

"मी जाळली," साहेब म्हणाले.

"ते कळलं. पण गरम का झाली? एवढी काळजी घेता तुम्ही."

माझ्यामागे दादूसचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. बंबाच्या बंपरवर सुतळीला फ्लेक्सचा एक तुकडा अजून लोंबत होता. त्यावर मालकांची हनुवटी आणि जोडलेले हात. साहेबांनी त्या तुकड्याकडे बघितलं. मग मालकांकडे.

"चालवली म्हणून झाली, मालक. उभी असती तर गार राहिली असती."

मालकांनीही बंपरवरच्या आपल्या हनुवटीकडे बघितलं. मग ट्रेलरचं बघायला निघून गेले.

नवी पेटी परदेशातून यायची होती. कित्येक महिने बंबाची शेड रिकामी राहिली. आणि ह्या काळात साहेबांना जे झालं ते बघून मला खरी धडकी भरली. साहेब आनंदी झाले. उशिरा येऊ लागले. कँटीनमध्ये मिसळीवर जास्तीची तर्री मागू लागले. एकदा त्यांनी मला विनोद सांगितला. दुपारी रिकाम्या शेडसमोर खुर्ची टाकून, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपायचे. आणि आम्ही, बाकीचे सगळे, ज्यांनी आजवर निवांत नोकऱ्या केल्या, कुकरची शिट्टी झाली तरी दचकू लागलो. दादूस येता-जाता त्या रिकाम्या शेडमध्ये डोकावायचा. मी बदलापूरला घराच्या गच्चीवर उभा राहून अंबरनाथच्या दिशेने धूर शोधायचो. ढग दिसला तरी दादूसला फोन लावायचो. इतकी वर्षं तो एक माणूस आम्हा सगळ्यांच्या वाटची भीती वाहत होता, हे तो ओझं खाली ठेवून झोपल्यावर कळलं.

मग पेटी आली. बंब दुरुस्त होऊन परत शेडमध्ये उभा राहिला. साहेबांनी पहिली फेरी मारली, खाली उतरले, चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. दादूसला म्हणाले, "काहीतरी वेगळं वाजतंय." मला म्हणाले, "दात काय काढताय? उद्यापासून अर्धा तास आधी यायचं." मग मिसळ अर्धी टाकून पुन्हा बंबाकडे गेले.

मी त्या दिवशी दुपारचीच रजा टाकली, घरी आलो आणि जो झोपलो, तो बायकोने देवाजवळ दिवा लावून हाका मारल्यावरच उठलो.